एकतीस नंबरचा पाय

लालवानी मॅडमना बिघाड आवडायचे. हे वाक्य लिहिताना मी जरा अडखळते आहे, कारण वाचणाऱ्याला वाटेल की मी चेष्टा करते. पण खरंच तसं होतं. प्रॅक्टिकलला एखाद्याचं सर्किट पहिल्या झटक्यात चाललं, तर मॅडम "छान" म्हणून पुढच्या टेबलाकडे जायच्या. चाललं नाही, की त्यांचा चेहरा उजळायचा. ओढणीची मागे गाठ मारायच्या, स्टूल ओढायच्या आणि म्हणायच्या, "अरे वा! बघू तरी, काय म्हणतोय हा?"

उल्हासनगरला पॉलिटेक्निकमध्ये मी डिप्लोमाला होते, तेव्हाची ही गोष्ट. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बदलापूरजवळच्या खरवईची. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. वर्गात कुणी काही विचारलं, की माझ्या प्रत्येक उत्तरात "बहुतेक" यायचं. चुकले तर निदान अर्धं तरी बरोबर ठरावं, असा काहीतरी हिशोब असावा.

पहिल्याच प्रॅक्टिकलला मॅडमनी तो शब्द बंद केला.

विषय होता मायक्रोकंट्रोलर. बोटाएवढी काळी चिप, दोन्ही बाजूंना वीस-वीस पाय. तिच्यात प्रोग्रॅम भरायचा आणि तिच्याकडून दिवे, मोटर, घंटा, जे हवं ते चालवून घ्यायचं. आम्हाला एकच दिवा उघडमीट करायला लावायचा होता. माझा दिवा ढिम्म. मॅडम आल्या, स्टूलवर बसल्या.

"म्हात्रे, हजेरी घे."

"कुणाची मॅडम?"

"पायांची. मी नंबर म्हणते, तू सांग तो कुठे जोडलाय. वर म्हणजे पाच व्होल्टला, खाली म्हणजे ग्राउंडला. चल. चाळीस?"

"वर."

"वीस?"

"खाली."

"एकतीस?"

मी वाकून पाहिलं. तारांची नुसती गुंतवळ होती. "बहुतेक वर," मी म्हटलं.

मॅडम खो खो हसल्या. "बहुतेक? तुझ्या चिपला मीटर लावला तर काय दाखवेल, बहुतेक पाच व्होल्ट? जाऊन बघ. बघितल्याशिवाय बोलू नकोस, आणि बघितल्यावर घाबरू नकोस."

ती तार सुटलेली होती. मी ती जोडली, दिवा लुकलुकला, आणि मॅडमनी टाळी वाजवली. वर्गात एवढ्या मोठ्याने टाळी वाजवणारी शिक्षिका मी त्याआधी पाहिली नव्हती.

एकतीस नंबरच्या पायावर त्यांचा फार जीव. पर्समध्ये लाल नेलपॉलिशची बाटली असायची, पण नखांना कधीच लावलेलं नसायचं. ते प्रत्येक चिपच्या एकतीस नंबरच्या पायाशेजारी एका ठिपक्याच्या रूपाने जायचं. चिपला वीज मिळाली की ती सगळ्यात आधी या पायाकडे बघते आणि ठरवते, आपला प्रोग्रॅम वाचायचा कुठून? पाय वर असेल तर स्वतःच्या पोटातून. खाली असेल तर शेजारी बसवलेल्या दुसऱ्या मेमरी चिपमधून.

हे त्यांनी शिकवलं ते असं. "म्हात्रे, तुझ्या घरात नळ आहे?"

"नाही मॅडम. विहिरीवरून आणतो."

"मग पाणी आणताना तुझे हात मोकळे असतात?"

"एक डोक्यावरच्या हंड्याला, एक कमरेवरच्या कळशीला."

"बस्स! तेच. प्रोग्रॅम बाहेरून आणायचा म्हटलं, की चिपचे सोळा पाय त्याच कामाला जुंपले जातात. कोणतं पान वाचायचं ते सांगायला, आणि वाचलेलं आत घ्यायला. मग दिवे लावायला पाय उरतात किती? कामाच्या बत्तीसांतले निम्मेच. घरात नळ असेल तर सगळे हात मोकळे. म्हणून सर्किटचा कागद पुढे घेतलात की पहिली रेघ कुठली मारायची? एकतीसची. तो कुठे जाणार, त्यावर बाकीचं घर कसं बांधायचं ते ठरतं."

मी घरी जाऊन हे आईला सांगितलं. आई म्हणाली, "तुझ्या मॅडमला विचार, आपल्याकडं नळ कवा येईल."

आमच्या वर्गात जयेश होता. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहायचा, बोलायला एकदम तेज. एकदा त्याचा बोर्ड विचित्र वागायला लागला. हात लांब असला की बंद. बोट चिपजवळ नेलं की चालू. लांब नेलं की पुन्हा बंद. जयेशने वर्ग गोळा केला. "बघा रे, माझ्या बोटात करंट आहे. अपने में कुछ बात है, बॉस."

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "फारच छान. उद्या हा बोर्ड अंबरनाथच्या एखाद्या कारखान्यात बसवला, तर सोबत तुलाही बसवावं लागेल. आठ तास बोट धरून. पगार बोर्डाला, बोट फुकट."

सगळे हसले. जयेशही हसला. मग मॅडमनी त्यालाच विचारलं, "एकतीस कुठे आहे?"

"कुठेच नाही मॅडम. आपल्याला प्रोग्रॅम आतूनच वाचायचा होता, म्हणून मोकळा सोडला."

"मोकळा सोडला म्हणजे तू काही सांगितलं नाहीस. तू सांगितलं नाहीस, तर चिप दुसऱ्याचं ऐकणार. तुझ्या बोटाचं, ट्यूबलाइटचं, शेजारच्या पंख्याचं. ज्याचा आवाज येईल त्याचं."

जयेशने तार जोडली. बोट लांब नेलं तरी बोर्ड चालत राहिला, आणि का कोण जाणे, तो थोडा हिरमुसला.

मॅडम तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे जेवढे तास शिकवतील तेवढ्यापुरत्याच. तरी तास संपला की घरी जायच्या नाहीत. कोकीचा, म्हणजे जाड सिंधी पोळीचा, तुकडा मोडून खात खात कुणाच्या तरी बोर्डाशी बसलेल्या असायच्या. विभागप्रमुख जोगळेकर सर शिस्तीचे आणि मनाने चांगले, पण त्यांना जळालेल्या चिपांची फार चीड. आमच्या वर्गाने त्या सहामाहीत बऱ्याच जाळल्या होत्या. एक दिवस सरांनी प्रयोगशाळेला कुलूप लावलं आणि मॅडमना आमच्यासमोरच सांगितलं, "मॅडम, हा विषय फळ्यावर शिकवा. आकृती काढा, पाठ करून घ्या. पोरं पास होतील आणि सामान वाचेल."

"सर, फळ्यावर बिघडणार काय?" मॅडम म्हणाल्या.

"काहीच नाही. तेच तर म्हणतोय."

"मग शिकणार काय?"

सरांनी किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकला. मॅडमनी त्यांना थांबवलं. "सर, एक संधी द्या. या पोरांचं काम मी चार लोकांत चालवून दाखवते. चाललं तर कुलूप काढा. नाही चाललं तर मी स्वतः फळ्यावर शिकवते, पुन्हा मागणार नाही."

सर म्हणाले, "चार लोकांत म्हणजे कुठे?"

मॅडमनी वर्गाकडे पाहिलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे कबड्डीची फायनल आहे."

खरवईच्या मंडळाची माघ महिन्यातली कबड्डी आमच्या भागात मोठी मानतात. आदल्या वर्षी अंतिम सामन्यात खडूने लिहिलेला गुणफलक कुणीतरी पुसला, असा आरोप झाला, आणि खेळाडूंऐवजी प्रेक्षकच मैदानात उतरले. माझे चुलते बाळारामकाका तिथे पंच होते, त्यांच्या खांद्याला तेव्हाच मुका मार लागला होता. दिव्यांच्या आकड्यांचा बोर्ड मिळतोय म्हटल्यावर ते लगेच तयार झाले. "मॅडमना बोल, पुसता येनार नाय असा पायजे."

बोर्डासाठी पैसे नव्हते. पण कॉलेजच्या अडगळीत आधीच्या एका बॅचने केलेलं मोठं घड्याळ होतं. लाल दिव्यांचे हातभर उंचीचे चार आकडे. दोन तासांचे, दोन मिनिटांचे. मॅडमनी ते पाहिलं आणि अक्षरशः नाचल्या. "दोन आकडे या टीमचे, दोन त्या टीमचे! बटणं पण आहेत!"

घड्याळातली चिप जुन्या प्रकारची होती. तिच्या पोटात मेमरीच नव्हती, म्हणजे त्या घरात नळच नव्हता. तिचा प्रोग्रॅम शेजारच्या मेमरी चिपमध्ये, आणि त्या चिपवरचं जुनं पुसायला खास जांभळ्या प्रकाशाचा दिवा लागतो. कॉलेजचा तो दिवा गेलेला होता. मॅडम मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेल्या आणि तेव्हा नवीनच आलेली एक चिप घेऊन आल्या. तसेच चाळीस पाय, त्याच जागी बसणारी, पण पोटात स्वतःची मेमरी असलेली आणि विजेने पुसता येणारी. प्रोग्रॅम आम्ही सगळ्यांनी मिळून लिहिला. एका बटणाला एक गुण, लोण पडला, म्हणजे समोरचा सगळा संघ बाद झाला, तर दुसऱ्या बटणाला दोन गुण. लोणाचं बटण हवंच, असा काकांचा आग्रह होता.

बोर्ड आदल्या दिवशीच टेम्पोने खरवईला गेला. तिथे घड्याळ म्हणून चालवून पाहिला, चारही आकडे लखलखीत. नव्या चिपचा प्रोग्रॅम मॅडमनी कॉलेजात आपल्या ब्रेडबोर्डवर, म्हणजे तारा नुसत्या खोचायच्या पाटीवर, चालवून पाहिला, तोही चोख. सामन्याच्या दिवशी दुपारी त्या बदलापूर स्टेशनवरून रिक्षाने आल्या. काळ्या स्पंजमध्ये खोचलेली चिप डब्यात ठेवलेली होती. मैदान भरलेलं. खरवई विरुद्ध वांगणी. पुढच्या रांगेत सरपंचांशेजारी जोगळेकर सर चहा घेत बसलेले.

मॅडमनी जुनी चिप काढली, मेमरीची चिप काढली, नवी चिप बसवली. जयेशने बटण दाबलं.

आकड्यांच्या जागी नुसत्या तुटक लाल रेघा पेटल्या. दाबलं तर काही नाही, सोडलं तर काही नाही. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तेच.

प्रेक्षकांतून आवाज आला, "ओ मॅडम, हा स्कोर कुठल्या भाषेत हाय?"

हशा पिकला. सरांनी कप खाली ठेवला. मी मॅडमकडे पाहिलं. वाटलं, आता तरी त्यांचा चेहरा पडेल. त्यांनी ओढणीची मागे गाठ मारली.

"अरे वा," त्या पुटपुटल्या. पण या वेळी त्यांनी आधी डबा उघडून पाहिला. डब्यात दुसरी चिप नव्हती.

"जयेश, चिप खराब असेल?"

"सकाळीच तर चालली मॅडम."

"मग बोर्ड?"

"काल घड्याळ चाललं."

"चिप चांगली, बोर्ड चांगला. मग भांडण दोघांच्या मधे आहे. हजेरी घ्या." माईकच्या गोंगाटात त्यांचा आवाज पोचेना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि थेट माझ्या काकांना हाक मारली. "पंच काका! तुमचा आवाज मोठा आहे. एक ते चाळीस नंबर म्हणा, एकेक करून. मी सांगीन तो पाय कसा असायला हवा. म्हात्रे मीटर लावून सांगेल तो कसा आहे."

काकांना काही कळलं नाही, पण पंच म्हणून कुणी काही म्हणायला सांगितलं, की ते मागे हटत नसत. "एक!" ते ओरडले.

दोन-चार नंबरांनंतर पुढे बसलेली पोरं त्यांच्यामागून ओरडायला लागली. मग मोठेही. "नऊ!" आख्खं मैदान. मॅडम सांगायच्या, मी मीटरची टोकं टेकवून वाचायचे. "वीस!" "खाली." "खाली," मी म्हटलं. सर घड्याळ बघत उठले, जवळ आले. "मॅडम, फळा बरा होता," ते हळूच म्हणाले. मॅडमनी ऐकलं की नाही माहीत नाही.

"एकतीस!"

"वर," मॅडम न बघता म्हणाल्या.

मीटरवर शून्य होतं. मी टोक काढून पुन्हा टेकवलं. शून्य. घशाशी तो जुना शब्द आला होता. तो गिळला.

"खाली आहे मॅडम."

"काय?"

"एकतीस खाली आहे. शून्य व्होल्ट."

"नक्की?"

"नक्की."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग बोर्डाकडे, आणि मग अशा काही जोरात ओरडल्या की लाउडस्पीकरवाल्याने वळून पाहिलं. "सापडलं! अरे मीच मूर्ख! जुन्या चिपला एकतीस खालीच लागतो! ज्यांनी बोर्ड केला त्यांनी बोर्डाच्या तांब्याच्या रेघेतच तो खाली जोडून टाकलाय, सॉकेटच्या पोटाखाली. आणि मी बघितलंच नाही. काल घड्याळ चाललं म्हणून हजेरीच घेतली नाही!"

काका कमरेवर हात ठेवून उभे. "काय झाला मॅडम? आमाला पन सांगा."

"काका, या नव्या चिपच्या घरात नळ आहे, पाणी आहे. पण दारावर पाटी आहे, पाणी बाहेरून आणा. ही बाहेर जाते आणि बाहेरची विहीर मी आत्ताच काढून ठेवलीय."

"मंग पाटी काढा ना!"

"पाटी जमिनीत पुरलीय काका. काढायला बोर्ड फाडावा लागेल." त्यांनी चिपकडे बोट केलं. "पाटी नाही काढायची. हिला दारातूनच जाऊ द्यायचं नाही."

त्यांनी चिप सॉकेटमधून हळूच उचलली. चिमट्यासारखी बारीक पक्कड घेतली. एकतीस नंबरचा पाय आडवा बाहेर वाकवायचा, म्हणजे चिप पुन्हा बसवली की तो सॉकेटमध्ये जाणारच नाही, हवेत राहील. मग त्याला वेगळी तार लावून पाच व्होल्टला न्यायचं. सांगायला सोपं. पण तो पाय केसासारखा, आणि मोडला तर संपलंच.

"एकदाच वाकणार हा," मॅडम म्हणाल्या. "मागे-पुढे केला की गेला."

कबड्डीला जमलेली माणसं एका काळ्या किड्याएवढ्या वस्तूकडे टाचा उंचावून बघत होती. वांगणीचा कप्तान तर बोर्डाच्या टेबलाला रेलून उभा होता. सरही वाकले होते. मॅडमनी श्वास रोखला, जसा चढाईला जाणारा खेळाडू रोखतो, आणि पाय वाकवला.

राहिला.

जयेशने मांडवाच्या लाइनवर सोल्डरिंग गन तापवली होती. मॅडमनी तारेचं एक टोक त्या वाकड्या पायाला लावलं, दुसरं चाळीस नंबरला. फुंकर मारली. चिप बसवली. "म्हात्रे, मीटर."

"एकतीस वर आहे मॅडम. पाच."

जयेशने बटण दाबलं.

दोन शून्य इकडे, दोन शून्य तिकडे.

पोरांनी जो गलका केला तो खरवईच्या डोंगरावर आपटून परत आला असेल. काकांनी शिट्टी फुंकली. सामना सुरू झाला. मॅडमनी आयुष्यात कबड्डी पाहिली नव्हती. पहिल्या लोणाला आकडा एकदम दोनने पुढे सरकला तेव्हा त्या उडी मारून ओरडल्या, "दोन! दोन घेतले! लोणाचं बटण चाललं!" शेजारच्या बायका खेळाकडे बघत होत्या, मॅडम बटणाकडे. दुसऱ्या डावात मात्र कधीतरी त्यांची नजर मैदानात गेली आणि तिथेच अडकली. शेवटच्या मिनिटांत त्या वांगणीच्या बाजूने ओरडत होत्या, आणि मी त्यांना हळूच सांगितलं, "मॅडम, आपण खरवईत आहोत."

"हो का? पण तो पोरगा छान खेळतोय ना."

वांगणी एका गुणाने जिंकली. आमच्या गावाला वाईट वाटलं, पण या वेळी कुणी कुणावर आकडा पुसल्याचा आरोप केला नाही. सगळ्यांनी तो लाल दिव्यांत पाहिला होता. सर बोर्डाजवळ आले. चष्मा वर करून तो हवेत राहिलेला पाय बघितला.

"असाच वाकडा ठेवणार?"

"नाही सर. पुढच्या बोर्डाला तिथे जंपर ठेवू. छोटी टोपी. आत हवं तर इकडे, बाहेर हवं तर तिकडे. म्हणजे कुणाला पाय वाकवावा लागणार नाही."

"पुढच्या बोर्डाला," सर म्हणाले. मग खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून त्यातली एक सोडवायला लागले. ती लवकर निघेना. शेवटी त्यांनी मॅडमकडून पक्कड मागून घेतली.

त्यानंतर दीड वर्ष आम्ही त्या प्रयोगशाळेत काय काय केलं, ते सांगायला बसले तर हे लेखन संपणार नाही. चिपा जळत राहिल्या, पण कमी. प्रत्येक बोर्डावर मॅडम जंपर ठेवायला लावायच्या. जयेश कुरकुरायचा की यात जागा जाते. मॅडम म्हणायच्या, "मग स्वतः बोट घेऊन बस." दरवाजाच्या आतल्या बाजूला सरांनी एक पेटी ठेवली होती, त्यात मेलेल्या चिपा टाकायच्या. सर अधूनमधून ती उघडून मोजायचे आणि पुन्हा बंद करायचे.

शेवटच्या वर्षी मॅडमना पुण्यात कायमची नोकरी लागली. आमची प्रॅक्टिकल परीक्षा होती, त्याच दिवशी दुपारी त्यांची गाडी. बाहेरून परीक्षक आले होते, त्यामुळे मॅडमना आत यायची परवानगी नव्हती. प्रयोगशाळेच्या एका भिंतीला ओळीने खिडक्या होत्या, जाळीच्या, जरा उंच. मी माझ्या टेबलावर बसले होते. परीक्षकांनी विचारलं, प्रोग्रॅम कुठून वाचेल? मी म्हटलं, "आतून. एकतीस पाच व्होल्टला आहे, मी तपासलं आहे." त्यांनी मान हलवली. "लावा."

मी वीज चालू केली. ओळीने आठ दिवे डावीकडून उजवीकडे पळायला लागले.

मी खिडकीकडे पाहिलं. जाळीमागे मॅडम टाचा उंचावून उभ्या होत्या, खांद्याला प्रवासाची बॅग. त्यांना माझे दिवे दिसले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मला वाटलं त्या हात हलवतील, काही म्हणतील. मी हात वर करणार तेवढ्यात खिडकी रिकामी झाली.

त्या पुढच्या खिडकीशी गेल्या होत्या. तिथल्या मुलाचा दिवा अजून लागला नव्हता.